सातव्या होलाखालची आमची खाचरं

...तर छाया स्कॉटलंडच्या वाळूच्या खड्ड्यात अडकली होती आणि इकडे चुलीवर आमटी करपली होती, इथपर्यंत आपण काल आलो होतो. तेवढ्यात तुम्हाला कुणाचा तरी फोन आला, तुम्ही उठून गेलात आणि माझी सून रात्रभर खड्ड्यातच राहिली. आता नीट बसा आणि तो फोन उपडा ठेवा.

खड्डा खरा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. परवा एकाने मला विचारलं, "मग बाहेर कुनी काढलं हो तिला?" त्याला कोण समजावणार! छाया म्हणजे माझ्या मनोजची बायको. पस्तिशीची. ती बसलेली असते आमच्याच पडवीत, लॅपटॉपसमोर, पाय पाटावर ठेवून. आणि करते काय, तर जगात जिथे जिथे गोल्फची खरीखुरी मैदानं आहेत, ती जशीच्या तशी व्हिडिओ गेममध्ये उभी करते. जशीच्या तशी म्हणजे टेकाड तर टेकाड, खड्डा तर खड्डा, वाकडं झाड तर वाकडंच. मग अमेरिकेतला एखादा माणूस रात्री घरी बसून, चेंडूला हातही न लावता, छायाच्या स्कॉटलंडात खेळतो आणि हरतो. त्या दिवशी खड्ड्याची एक कड मापाला बसत नव्हती, म्हणून ती त्यात अडकली आणि आमटी गेली.

गोल्फ तुम्हाला ठाऊक असेलच. मला कळला तो असा. चांगली पिकाऊ जमीन घ्यायची. तिच्यात काहीही पेरायचं नाही. गवत वाढवायचं, पण ते गुरांना घालायचं नाही. मग त्यात अठरा भोकं पाडायची, प्रत्येक भोकाला जपायला माणूस ठेवायचा आणि वाटेत मुद्दाम वाळूचे खड्डे करायचे. शेवटी आपणच केलेल्या खड्ड्यात आपला चेंडू गेला की तोंड पाडून घरी जायचं. एवढा थोर खेळ आणि आम्ही अडाणी तिथे भात लावत होतो! नशीब, मुंबईच्या लोकांनी वेळेवर येऊन जमिनी घेतल्या.

पण छायाचं सांगत होतो.

तिचं माहेर भिवपुरीचं. वडील वीजकेंद्रात नोकरीला, राहायला तिथल्याच चाळीत. वर डोंगरात पाणी, तिथून ते नळांतून खाली पडणार आणि त्यावर वीज होणार. पाण्याच्या पडण्यावर पगार, पगारावर चूल. अशा घरातली मुलगी आम्ही केली आणि तिला पाठवली कुठे, तर मोहोपाड्याला, एका कारखान्यात पॅकिंगला. पहाटे कोंबड्याच्या आधी ती उठायची, कंपनीच्या बसच्या थांब्यावर अंधारात उभी राहायची आणि परत यायची तेव्हा तिच्या पोरीला अर्धी झोप लागलेली असायची. माझी नात आईला नावाने ओळखायची, तोंडाने फक्त रविवारी.

अशातच तिच्या मोबाइलची काच फुटली. कर्जतला स्टेशनबाहेर झुहेबचं दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगा गुणी. पण काच बसवायला दिली की ती सुकेपर्यंत आपला गेम खेळत बसणार. छाया पाठीमागून बघत होती. पडद्यावर हिरवंगार मैदान, मागे समुद्र.

"चित्र छान हाय," ती म्हणाली.

"भाभी, चित्र नाय हे," झुहेब म्हणाला. "स्कॉटलंडमधली अस्सल जमीन हाय. विमानातून खाली लेसर मारत जातात. लेसर परत यायला किती वेळ लागला, त्यावरून कुठं उंच, कुठं खोल ते कळतं. तिकडच्या सरकारनं सगळी मापं फुकट ठेवलीत. ती गेममध्ये टाकायची की जमीन वर येते. मग गवत नि झाडं आपल्या हातानं."

"कुनी केलं हे?"

"असंल कुनीतरी रिकामटेकडा. घरी बसून करतात."

"घरी बसून?" छायाने विचारलं.

झुहेब सांगतो, भाभीने बाकीचं काही ऐकलंच नाही. काच बसली, पैसे दिले, दाराशी गेली, परत आली आणि पुन्हा विचारलं, "घरी बसून ना?"

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. झुहेबने कुठून तरी जुना पण दणकट लॅपटॉप आणून दिला. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी आमची सून स्कॉटलंडला जाऊ लागली. मग आयर्लंड झालं, मग स्पेन. मनोज खालापूरकडे टेंपो चालवतो. दमून घरी आला की चपला काढता काढता विचारायचा, "काय गं, आज कुठं?"

"स्पेन."

"जेवायला येशील ना?"

आमच्या आनंदीबाईंना मात्र हे काही रुचेना. आनंदीबाई म्हणजे माझी बायको. घरात गृहमंत्री, अर्थमंत्री आणि विरोधी पक्ष एकटीच. ती पडवीतून जाता-येता म्हणायची, "आपल्या अंगनात दुर्वा उगवना, नि ही बाय परमुलखात गवत लावतेय. काय गं, तिथं निंदायला कोन जातं?"

"त्या गवतात तण येत नाय, आई."

"मग कसलं मेलं ते गवत!"

बिनतोड होतं.

आणि एक दिवस दाराशी पांढरी गाडी उभी. आत रूपेश नावाचा एक पोरगा, मुंबईच्या कुठल्याशा कंपनीतला. ही कंपनी म्हणे मोठमोठ्या लोकांसाठी खोल्या बांधते. खोलीत भिंतभर कापडी पडदा, त्यावर मैदान. माणूस खरा चेंडू मारतो, चेंडू कापडावर आपटून खाली पडतो आणि पडद्यावर तोच चेंडू पुढे उडत जातो. म्हणजे चालायचेसुद्धा कष्ट नाहीत. माणसाची किती ती काळजी! रूपेशने छायाचं काम इंटरनेटवर बघितलं होतं आणि त्याची खात्री होती की हा कुणी निवृत्त गोरा इंजिनिअर असणार. तो चष्मा पुसून एकदा छायाकडे आणि एकदा लॅपटॉपवर बसलेल्या कोंबडीकडे बघत राहिला.

त्याने अट सांगितली. परदेशातली मैदानं करणारे पुष्कळ आहेत, कंपनीला आपल्याकडची हवी आहेत. तुमच्या गावामागे रिसॉर्टचं मैदान आहे, तेच करून दाखवा. तिथे रोज खेळणारी मंडळी पडद्यावर खेळतील. त्यांनी आपलं मैदान ओळखलं, तर कायमचं काम, घरी बसून. नाही ओळखलं, तर नमस्कार.

आणि मोहोपाड्याच्या सुपरवायझरने तिला सांगितलेलं, बिनपगारी रजा देतो, पण पुढच्या एक तारखेला बसमध्ये नसलीस तर जागेवर दुसरी बाई. म्हणजे एक तारखेला छाया एक तर पडवीत किंवा अंधारात थांब्यावर. मधलं काही नाही.

रूपेश गेल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "बाबा, ती पहाटेची बस मला परत नको." तिला चांगलं म्हणा, वाईट म्हणा, ती ऐकून घेते, मागत कधी काही नाही. म्हणून ते माझ्या ध्यानात राहिलं.

आता हे मैदान कुठलं, तर आमचंच. कळंबच्या अलीकडे ती लांबलचक भिंत दिसते ना, तिच्या आत. आमच्याकडे होती तोवर त्या जमिनीला भाताची खाचरं म्हणत. विकल्यावर ती 'नैसर्गिक पायऱ्यांची रचना' झाली. बाकीची सगळी जमीन त्यांनी बुलडोझरने थाळीसारखी केली. पण सातवं होल जिथे आहे, तिथल्या चार खाचरांच्या पायऱ्या त्यांच्या आराखडेवाल्याला फार आवडल्या. त्याने बांध तेवढे चेपून उतार केले आणि वर गवत पांघरलं. ती चार खाचरं कुणाची? सगळी आमच्याच गावातल्यांची: एक सुनंदाचं, एक धाकलूचं, एक माझं, एक गजाचं. गजाच्या खाचरात आता तळं आहे.

थाळीसारखी होलं छायाने पटापट केली. अडलं ते सातवं.

आपल्याकडे फुकट मिळतं ते माप उपग्रहाचं. उपग्रह वरून एक भला मोठा चौकोन धरतो आणि त्या अख्ख्या चौकोनाला उंचीचा एक आकडा देऊन मोकळा होतो. त्या चौकोनात धाकलूचं खाचर, माझं खाचर आणि मधला बांध, सगळं एकत्र. छायाने ते गेममध्ये टाकलं तर पडद्यावर काय, सपाट! धाकलू आणि मी एका पातळीवर!

धाकलू म्हणजे माझा बालमित्र आणि शेजारी. आम्ही एका बाकावर शिकलो, एका दिवशी नापास झालो. पण खाचराच्या उंचीवरून आमचं आजोबांपासून पटत नाही. त्याला बोलावून पडदा दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं. उपग्रह खोटारडा आहे.

मग छायाने रिसॉर्टच्या मॅनेजरकडे ड्रोन उडवायची परवानगी मागितली. तो म्हणाला, पाहुणे तळ्याकाठी उघडे झोपलेले असतात, वरून ड्रोन गेला तर त्यांना संकोच वाटतो. एकदा चालून या म्हणाला. ती फोन घेऊन चालून आली. सकाळी फोन म्हणाला, धाकलूची बाजू खाली. संध्याकाळी म्हणाला, धाकलूची बाजू दोन पुरुष वर. ग्रामपंचायतीचा सदस्य तरी एवढ्या झटपट बाजू बदलतो का? फोटो काढले, त्यात सगळीकडे एकसारखं हिरवं. गवताखाली उतार लपतो, साडीखाली गळू लपावं तसा.

शेवटी तिने आम्हालाच विचारायचं ठरवलं. चौघांनाही पडवीत बोलावलं. "कुनाचं खाचर कुनापेक्षा वर, नि किती?" इतका साधा प्रश्न.

साधा कुठला! तुम्ही भातशेती केली असेल तर तुमच्या लक्षात आलं असेल. वरच्या खाचराला पाणी आधी. त्याचं पोट भरलं की खालच्याला. लावणीला नारळ फुटायचा तो वरच्या खाचरात आणि खालचा माणूस नांगर धरून वर तोंड करून उभा. वरच्याने "सोड रं" म्हटल्याशिवाय खालच्याने पाण्याला हात लावायचा नाही. म्हणजे उंची किती हा प्रश्न जमिनीचा नव्हताच. मान कुणाचा, हा होता.

धाकलू उभाच राहिला. "लिव गं पोरी. माजं खाचर वर. ह्याचा बैल माज्या बांधाखाली उभा ऱ्हायला की फकस्त शिंगं दिसायची."

"बैल बसलेला असायचा," मी म्हणालो. "नि तुजी उंची किती? तुला बसलेल्या बैलाचीच शिंगं दिसणार. छाया, लिही, आपलं खाचर वर. चांगलं हातभर."

सुनंदा म्हणाली, "आमचं सगळ्यात वर, हे काय सांगायची गोष्ट हाय व्हय?" आणि तेच सांगत बसली.

गजाची मान सगळ्यात वर. "माजं वर."

"गजाकाका," छाया म्हणाली, "तुमच्या खाचरात तर तळं हाय."

"ते मागनं खोदलं. आधी तिथं टेकाड होतं."

आता सून कुणाला खोटं म्हणणार? चौघेही वडीलधारे. तिने प्रत्येकाचं ऐकलं. धाकलूचं माझ्यावर ठेवलं, मग माझं धाकलूच्या वर उचललं, सुनंदाचं त्याच्याही वर, गजाचं त्याच्याही वर, मग धाकलू पुन्हा आला आणि म्हणाला, "अगं माजं ऱ्हायलं की खाली." असं करता करता सातवं होल इतकं चढलं की पलीकडून माथेरानला जायला नवी वाट तयार झाली. झुहेब मुद्दाम आला होता. त्याने पहिला चेंडू मारला. तो धाकलूच्या कड्यावर आपटला, माझ्या सुळक्यावरून उडाला आणि गजाच्या तळ्यात पडला. ते तळंही ढगांत होतं.

"भाभी," झुहेब हळूच म्हणाला, "हितं गोल्फ नाय, गिर्यारोहन होईल."

मनोज घरी आला. नेहमीसारखं म्हणाला, "काय गं, आज कुठं?" छायाने लॅपटॉप मिटला, आत गेली आणि थोड्या वेळाने बघितलं तर कारखान्याचा गणवेश दोरीवर वाळत घातलेला. एक तारीख जवळ आली होती. आनंदीबाईने तो गणवेश बघितला आणि त्या दिवशी गवतावरून एक शब्द बोलली नाही. विरोधी पक्ष गप्प बसला की सरकार खरंच अडचणीत आहे असं समजावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छायाने पुन्हा चौघांना बोलावलं. मला वाटलं, आता पोरगी हात जोडणार. पण लॅपटॉप कुठे दिसेना. कर्जतहून गरम वडे आणवलेले, चहा उकळत होता आणि आमच्या सूनबाई पदर खोचून वाढायला उभ्या.

पहिला वडा माझ्या हातात देत तिने विचारलं, "बाबा, एवढी वर्सं शेती केलीत. तुमाला सगळ्यात जास्त तरास कुनी दिला?"

काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांत घरात कुणी मला हे विचारलं नव्हतं. आनंदीबाईने तर कधीच नाही. मला वाटलं, आहे, भिवपुरीच्या माणसांना माणसाची कदर आहे!

"विचारायचं काय त्यात?" मी म्हणालो. "हा काय बसलाय वडा खात. धाकल्या. आवणी करून आमी नुकते जेवायला वर आलेलो. भाताचा पहिला घास तोंडात, नि ह्यानं बांध फोडला! लोंढा असा आला की सकाळी लावलेली रोपं संध्याकाळी गजाच्या शेतात. एक काडी उभी ऱ्हायली नाय."

"आई गं," छाया म्हणाली. "मोठा बांध होता का हो?"

"कमरेएवढा! तो काय आपसूक फुटतोय? फावडं घालून फोडला ह्यानं."

गजाने वडा खाली ठेवला. "नि मग ती रोपं नि तो चिखल कुनाच्या बोकांडी? माज्या! माजं खाचर भरलं, बांधावर पानी. मांडीएवढ्या गाळातनं मी ह्याचं भात उपसत होतो, नि हा बांधावर उभा ऱ्हाऊन म्हंतो, जपून रं गजा, माजी रोपं हायती ती!"

"माझीच होती," मी म्हणालो.

"मंग न्यायची व्हती!"

धाकलूला राहवेना. "आरं पन मी बांध का फोडला, ते कुनी इचारलं? हौस आलेली मला? हिच्या घरच्यानं वरनं पानी सोडलं म्हनून!" त्याने सुनंदाकडे बोट केलं. "माजा रोपाचा राब बुडाला व्हता. राबात रोप कुजाय लागलं, नि सांगाय गेलो तर हिचा घरवाला म्हंतो, बघू उद्या."

"त्यांचा बांध केवढा होता, धाकलूकाका?" छाया चहा ओतत होती.

"गुडघ्याएवढा. पन माज डोक्याएवढा."

"मेलेल्या मानसाला बोलू नगं धाकल्या," सुनंदा म्हणाली.

"नि काकू, तुमाला कुनी पान्याचा तरास दिला?"

सुनंदाने बराच वेळ आठवून बघितलं. तिला खरंच काही आठवेना आणि त्याचंच तिला फार वाईट वाटलं. "नाय गं बाय. आमाला कुनी काय केलं नाय. आमचं आपलं एकच दुक, पानी आमच्यात टिकायचंच नाय."

असा दिवस मावळेपर्यंत आमचा दुःखाचा फड रंगला. कोणत्या वर्षी कुणी कुणाचं किती बुडवलं, कुठल्या कोपऱ्यातून पाणी निसटायचं, कुठे चिखल साचायचा, सगळं निघालं. वडे संपले तरी गाऱ्हाणी संपेनात. जाताना धाकलू सुद्धा म्हणाला, "तुज्या सुनेला वळण हाय हो. मोठ्या मानसांचं ऐकून घेते." मी म्हणालो, आमच्या घरात ते आहेच.

त्यानंतर छायाने कुणाला काही विचारलं नाही. पडवीत बसली आणि माउस चालत राहिला. गणवेश तिने घडी करून ट्रंकेत टाकला नाही आणि अंगावरही घातला नाही. तो आपला दोरीवरच राहिला.

मग परीक्षेचा दिवस. रिसॉर्टच्या हॉलमध्ये रूपेशने भिंतभर पडदा लावला होता. आम्हा चौघांनाही आमंत्रण होतं, 'मूळ मालक' म्हणून. जमीन विकल्यापासून त्या फाटकातून मी पहिल्यांदा आत गेलो. एरवी म्हैस शोधायला गेलो तरी काठी दाखवणारा वॉचमन त्या दिवशी सलाम ठोकत होता. आमच्या गळ्यात फुलं घातली, हातात गार सरबत दिलं आणि आम्हाला एका कोपऱ्यात जुन्या नांगराशेजारी बसवलं. नांगरही आमच्यासारखाच तेल लावून ठेवलेला.

खेळायला उभे राहिले एक जाडजूड निवृत्त साहेब. डोक्यावर टोपी, हातात पांढरा मोजा, एकाच. दुसरा बहुधा घरी विसरले असावेत. हे रोज तिथे खेळतात. बाकीची मंडळी मागे उभी. पहिली सहा होलं साहेबांनी मान हलवत खेळली. "हं. ठीक आहे. असंच काहीतरी आहे खरं." आता थाळी ती थाळी, ओळखायची कशावरून? रूपेश घड्याळ बघू लागला. छाया दाराशी उभी होती, एका हाताने दुसऱ्या हाताची बांगडी फिरवत.

सातवं होल पडद्यावर आलं. साहेबांनी नेम धरला, मारलं. चेंडू सरळ गेला. अगदी सरळ. गवतावर उतरला, पुढे गेला, मंदावला आणि थांबणार, थांबणार असं वाटत असताना डावीकडे वळला. कुणी ढकलल्यासारखा. मग रमतगमत, कुणाचं काही देणं नसल्यासारखा, उताराने खाली गेला आणि तळ्यात पडला.

साहेबांनी हातातली काठी जमिनीवर आपटली आणि एक शिवी हासडली. शिवी मी सांगत नाही, पण ती ऐकून मागची सगळी मंडळी खो खो हसायला लागली. त्यांच्यातला एक म्हणाला, "झालं! साहेब रोज ह्याच जागी हीच शिवी देतात."

"हाच तो!" साहेब ओरडत होते. "हाच बदमाश! सात वर्षं मला फसवतोय. दिसतो सपाट आणि नेतो पाण्यात. मुली, तुला हे कळलं कसं?"

छाया सांगणार, तेवढ्यात रूपेशने सगळ्यांसमोर जाहीर केलं की एक तारखेपासून मॅडम आमच्या कंपनीत, काम घरूनच. आनंदीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, "मी पयल्यापासनं म्हनत होते तिला, लाव गवत." मनोज दाराशी जाऊन कुणाला तरी फोन करत होता. त्या गणवेशाचा दुसऱ्या दिवशी ओटा पुसायला उपयोग झाला, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर राहून जाईल.

सगळं गोड झालं होतं. पण रूपेशने तेवढ्यात कौतुकाने पडद्यावरचं सातवं होल बाजूने फिरवून दाखवलं. आडवं. वरून खाली चार पायऱ्या. सुनंदाचं सगळ्यात वर. मग धाकलूचं. मग, धाकलूच्या खाली, चांगलं कमरेभर खाली, माझं.

धाकलूने सरबताचा पेला माझ्या पेल्यावर वाजवला. बोलला असता तर परवडलं असतं.

रूपेश विचारत होता, "मॅडम, आता काही बदल करायचा का, की हेच पक्कं?"

मी उठून उभा राहिलो. गळ्यातला हार सारखा केला. भरल्या सभेत, निवृत्त साहेबांसमोर, नांगराला साक्षी ठेवून म्हणालो, "एक बदल हाय. आमचं खाचर धाकल्याच्या खाली दाखवलंय, ती चूक हाय. ते वर घ्या. जास्त नाय, हातभर पुरे. सुनेनं सासऱ्याची जमीन खाली दाखवावी, ही कुठली रीत? छाया, तुला हे सांगितलं कुनी?"

छायाने बांगडी फिरवायची थांबवली, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली ते शब्दाला शब्द सांगतो:

"बाबा, तुमीच सांगितलंत, वडा खाताना. धाकलूकाकांनी कमरेएवढा बांध फोडला नि तुमची रोपं वाहून गेली. आता तुमी म्हनत असाल तर तुमचं खाचर आत्ता वर उचलते, माजं काय जातंय. पन मग धाकलूकाकांनी तुमचं काय बुडवलं नाय, असं आधी त्यांना हितंच सांगा. दोन्ही पायजे असंल तर पानी चढावर न्यावं लागंल, नि माज्या बापानं भिवपुरीला आक्खी नोकरी पानी खाली पडताना बघितलं, वर चढताना एकदा नाय."